एका रात्रीचे ३८३ डॉलर

रोज ९८ लाख डॉलर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांनी हा आकडा जाहीर केला. परदेशातून नुकतेच येऊन पोचलेले आणि शहरात डोकं टेकायला जागा नसलेले जे लोक होते, त्यांच्यासाठी शहर दिवसाला सरासरी एवढे पैसे खर्च करत होतं. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर दिवसाचे ८३ कोटी रुपये होतात. तासाला साडेतीन कोटी, मिनिटाला पावणेसहा लाखांच्या आसपास.

मोठे आकडे एका मर्यादेनंतर मनात मावत नाहीत, म्हणून आपल्या ओळखीचा एक आकडा शेजारी ठेवतो. २०२२ च्या वसंतापासून २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून कमी काळात, न्यूयॉर्क शहराने या एका कामावर सुमारे ७ अब्ज डॉलर खर्च केले. अब्ज म्हणजे शंभर कोटी. रुपयांत ते ५९ हजार ५०० कोटी होतात. मुंबई महापालिकेचा २०२४-२५ चा संपूर्ण अर्थसंकल्प ५९ हजार ९५४ कोटींचा होता. पाणी, गटारं, रस्ते, केईएम आणि सायनसारखी रुग्णालयं, शाळा, किनारी रस्ता, कचरा, पगार, पेन्शन, सगळं धरून. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका वर्षभरात जेवढ्याचा बेत आखते, जवळपास तेवढी रक्कम न्यूयॉर्कने नवागतांच्या निवाऱ्यावर, जेवणावर आणि देखभालीवर घातली.

शहराने हे का करावं, हा प्रश्न कोणालाही पडेल. सीमा शहराच्या ताब्यात नाही. कोणाला देशात घ्यायचं, कोणाला परत पाठवायचं, कोणाला काम करू द्यायचं, हे सगळं वॉशिंग्टनला ठरतं. तरीही बिल शहराच्या नावावर फाटतं, आणि त्यामागे एक जुना दावा आहे.

१९७९ मध्ये रॉबर्ट हेज नावाच्या तरुण वकिलाने काही बेघर पुरुषांच्या वतीने शहर आणि राज्य यांच्यावर दावा लावला. वादींपैकी एक रॉबर्ट कॅलहन. पूर्वी उपाहारगृहात आचारी होता, नंतर मॅनहॅटनमधल्या बावरी भागातल्या रस्त्यांवर राहायचा. हेज यांनी आधार घेतला तो राज्याच्या घटनेतल्या एका कलमाचा. महामंदीचे चटके ताजे असताना, १९३८ मध्ये, ते घातलं गेलं होतं, आणि गरजूंना मदत व आधार देणं ही सार्वजनिक जबाबदारी आहे असं त्यात म्हटलं होतं. १९८१ च्या ऑगस्टमध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. राहायला जागा नसलेला जो पुरुष मागायला येईल, त्याला शहराने त्या रात्री निवारा द्यायचा. कॅलहन त्यावर झालेली सही पाहायला राहिला नाही. आदल्याच वर्षी तो रस्त्यावर मेला होता. हा हक्क पुढे स्त्रिया आणि कुटुंबांपर्यंतही पोचला, आणि त्याच्या नावाचा हुकूमनामा चाळीस वर्षांनी व्हेनेझुएला, इक्वेडोर, कोलंबिया, सेनेगल आणि मॉरिटानियाहून आलेल्या हजारो माणसांच्या कामी आला. मागणारा कुठून आला, हे त्या कागदात विचारलेलंच नव्हतं. मला हा हुकूमनामा विसाव्या शतकातल्या शहरी कारभारातला फार मोठा दस्तऐवज वाटतो. सरकार सवडीने, जमेल तेव्हा मदत करेल असं तो म्हणत नाही. आज रात्री, असं म्हणतो.

आता माणसांचा आकडा. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सीमेवरच्या लोकांना बसमध्ये बसवून उत्तरेकडे धाडायला सुरुवात केली, आणि ५ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांची पहिली बस न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटी स्थानकात शिरली. पुढे गर्दीच्या काळात एकेका आठवड्यात ४ हजारांपर्यंत माणसं शहरात उतरली. २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत एकूण २ लाख ३२ हजार. त्यांतली ४६ हजारांच्या आसपास टेक्सास सरकारच्या बसने आली होती, म्हणजे पाचातलं एक माणूस. बाकीची दुसऱ्या शहरांनी व संस्थांनी काढून दिलेल्या तिकिटांवर, नातेवाइकांच्या पैशाने किंवा स्वतःच्या हिमतीवर आली. सगळं ॲबट यांच्या बसगाड्यांमुळे घडलं ही समजूत म्हणून अपुरी आहे. पण राजकारण त्या बसगाड्यांनीच पेटवलं, हेही खरंच.

२०२३ च्या डिसेंबर अखेरीस ॲडम्स यांनी बसकंपन्यांवर वेळेचं बंधन घातलं. येण्याआधी ३२ तास कळवायचं आणि सकाळच्या ठरावीक तासांतच माणसं उतरवायची. झालं असं की बस हडसन नदीच्या अलीकडेच, न्यू जर्सीत थांबायला लागल्या. एडिसनहून मॅनहॅटनला कामाला जाणाऱ्या मराठी माणसांना सिकॉकस जंक्शन चांगलंच माहीत आहे, अनेकांची तिथूनच ये-जा असते. त्याच स्थानकावर चालकांनी माणसं उतरवली, आणि ती लोकलने पेन स्टेशनला पोचली. जानेवारीत शहराने १७ बसकंपन्यांवर ७० कोटी ८० लाख डॉलरचा दावा ठोकला. आधार होता गरजू माणूस राज्यात आणून सोडणाऱ्याला त्याचा खर्च द्यायला लावणाऱ्या एका जुनाट कायद्याचा. तो दावा कोर्टात टिकला नाही.

त्याच जानेवारीत शहराच्या आसऱ्याला असलेल्या स्थलांतरितांची संख्या ६९ हजारांवर गेली. हा उच्चांक. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८८ लाख होती, तेव्हा हे प्रमाण शंभरात एकाहून कमी भरतं. पण निवाऱ्यांची आधीची सगळी व्यवस्था होती ५० हजारांच्या आतबाहेरची, आणि ती स्थानिक बेघरांनी भरलेली. दीड वर्षात एकूण खाटा तिच्या दुपटीहून अधिक कराव्या लागल्या. हॉटेलं घेतली, कार्यालयांच्या इमारती घेतल्या, रँडॉल्स बेटावर ३ हजार माणसांचे तंबू ठोकले, ब्रुकलिनमधल्या फ्लॉइड बेनेट फील्ड या जुन्या विमानतळाच्या उघड्या मैदानावर कुटुंबांसाठी २ हजार जणांची छावणी उभी केली. २०२४ च्या ९ जानेवारीला वादळाचा इशारा आला, तेव्हा त्या छावणीतल्या जवळपास २ हजार आया-बापांना आणि मुलांना रातोरात एका हायस्कूलमध्ये हलवलं. दुसऱ्या दिवशी त्या शाळेची मुलं घरून ऑनलाइन शिकली आणि पालक भडकले. एका रात्रीचा आसरा दोन्ही बाजूंच्या मुलांना महाग पडला.

आता शीर्षकातला आकडा. एका कुटुंबाला एक रात्र ठेवायला शहराला ३८३ डॉलर पडत होते, म्हणजे साडेबत्तीस हजार रुपये. हिशोबात एकटा माणूसही एक कुटुंब धरलेला असतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये रोज रात्री सरासरी ५७ हजार ३०० माणसं आसऱ्याला होती. ९८ लाखांना त्या संख्येने भागलं, तर माणशी १७१ डॉलर येतात, साडेचौदा हजार रुपये.

हे पैसे जातात कुठे? मॅडिसन अव्हेन्यूवरच्या रूझवेल्ट हॉटेलचं उदाहरण घेऊ. १९२४ मध्ये उघडलेलं, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या नावाचं हॉटेल. खोल्या १ हजार २५. मालकी तेव्हा पाकिस्तानच्या सरकारी विमानकंपनीची, पीआयएची. २०२० मध्ये कोविडात ते बंद पडलं. २०२३ च्या मे महिन्यात शहराने ते घेतलं आणि तिथे नवागतांचं मुख्य स्वागतकेंद्र उघडलं. तीन वर्षांच्या भाडेकरारातून २२ कोटी डॉलर मिळतील, असं पाकिस्तानच्या विमानवाहतूक मंत्र्यांनी जाहीर केलं. भागाकार केला तर एका खोलीचे रात्रीला १९६ डॉलर येतात. म्हणजे व्हेनेझुएलातल्या कराकसहून पायी जंगलं तुडवत आलेल्या कुटुंबासाठी न्यूयॉर्कच्या करदात्याने भरलेला पैसा, कर्जाने वाकलेल्या पाकिस्तानी विमानकंपनीच्या खात्यात जात होता. यात कोणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मॅनहॅटनच्या मधोमध एका दमात हजार खोल्या रिकाम्या मिळणं हीच तेव्हा शहराची गरज होती. २०२३ च्या जुलै अखेरीस तीही जागा अपुरी पडली, आणि हॉटेलच्या दाराशी फुटपाथवर माणसं पुठ्ठे अंथरून कित्येक रात्री झोपली.

१९६ डॉलर गेले भाड्यात. उरलेला जवळपास निम्मा भाग पहारेकरी, सफाई, कपडे धुणं, दुभाषे, आरोग्यतपासणी, समाजसेवक आणि जेवण यांचा. इथे घाई नडली. शहराने कोविडकाळात लसीकरण आणि चाचण्यांचं काम केलेल्या डॉकगो या कंपनीला निविदा न काढता ४३ कोटी २० लाख डॉलरचा ठेका दिला. शहराचे तेव्हाचे हिशेबप्रमुख ब्रॅड लँडर यांनी तो करार नोंदवून घ्यायला नकार दिला, तरी महापौरांनी आपल्या अधिकारात तो पुढे रेटला. जेवणाचा दर माणशी दिवसाला ३३ डॉलरपर्यंत होता. मग ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कंपनीच्याच नोंदी काढून छापल्या. २०२३ च्या २२ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या वीस दिवसांत ७० हजारांहून अधिक जेवणं न खाता फेकली गेली होती. दिवसाला साडेतीन हजार डबे कचऱ्यात, दर डब्यामागे ११ डॉलर, एकूण सुमारे पावणेआठ लाख डॉलर. अन्न गार असे, पोरांना खाववत नसे, कधी खराबही निघे. साडेसहा कोटी रुपयांचं अन्न वीस दिवसांत टाकून दिलं जातं आणि खोलीत शेगडी लावायला परवानगी नसते, ही गोष्ट मला त्या ७ अब्जांपेक्षा जास्त बोचते. आलेल्या बायकांपैकी बहुतेकींना रांधता येत होतं. एका मोठ्या स्वयंपाकघराची व्यवस्था केली असती, तर त्यांनी सगळ्या मजल्याला जेवू घातलं असतं.

तरीही या सगळ्या खर्चात सर्वांत महागडी बाब जेवण नाही आणि खोलीही नाही. ती आहे वाट पाहणं.

अमेरिकेत आश्रय मागणाऱ्याला आल्याबरोबर काम करता येत नाही. आधी बारा पानांचा इंग्रजी फॉर्म भरून आश्रयाचा अर्ज करायचा. तो दाखल झाल्यावर १५० दिवसांनी कामाच्या परवान्याचा अर्ज करता येतो, आणि १८० दिवस पुरे झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. १८० दिवसांची ही अट १९९६ च्या कायद्यात लिहिलेली आहे. खोटे अर्ज करून कोणी नोकऱ्या पटकावू नयेत, हा त्यामागचा हेतू. पण अर्ज लिहून द्यायला वकील मिळेपर्यंतच कित्येक महिने जातात, आणि घड्याळ चालू होतं ते त्यानंतर.

हिशोब करून पाहा. माणशी १७१ डॉलर, १८० दिवस. ३० हजार ७८० डॉलर, म्हणजे २६ लाख रुपये. एका माणसाला काम करू न देण्याची ही किंमत आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२४ मध्ये किमान वेतन तासाला १६ डॉलर होतं. तोच माणूस त्याच १८० दिवसांत आठवड्याला चाळीस तास राबला असता, तर त्याने १६ हजारांवर डॉलर कमावले असते आणि त्यावर कर भरला असता. त्याला ती कमाई करू द्यायची नाही, आणि त्यापायी जवळजवळ दुप्पट रक्कम शहराने खर्चायची. असे १० हजार लोक घेतले, तरी सहा महिन्यांचे २,६०० कोटी रुपये होतात.

परवाना मिळाला की माणूस लगेच बाहेर पडला असता, असंही मी म्हणणार नाही. २०२३ च्या शहराच्या घरपाहणीत भाड्याच्या घरांपैकी फक्त १.४१ टक्के रिकामी आढळली, १९६८ नंतरचं सर्वांत कमी प्रमाण. किमान वेतनावर न्यूयॉर्कमध्ये घर मिळवणं तिथेच जन्मलेल्यालाही जड जातं. पण रोजगार हातात असलेला माणूस दुसऱ्या गावी जाऊ शकतो, नातेवाइकाकडे खोलीचा वाटा देऊन राहू शकतो. २०२३ च्या उन्हाळ्यात शहराने अर्ज भरून देण्याचं केंद्र काढलं आणि दीड-पावणेदोन वर्षांत लाखाहून अधिक अर्ज मार्गी लावले. २०२३ च्याच सप्टेंबरमध्ये बायडन सरकारने ३१ जुलैपर्यंत आलेल्या सुमारे ४ लाख ७२ हजार व्हेनेझुएलन लोकांना तात्पुरतं संरक्षण दिलं. त्याखाली परवान्यासाठी ती १८० दिवसांची अट नव्हती. २०२५ च्या फेब्रुवारीत आसऱ्याला ४५ हजारांहून कमी लोक उरले होते. आलेल्या दहातले आठ जण स्वतःच्या पायावर उभे राहून किंवा नातलगांच्या आधाराने निघून गेले होते. नियमांनी त्यांना ढकललंही होतं. एकट्याला ३० दिवस आणि कुटुंबाला ६० दिवसांची मुदत, मग पुन्हा रांग. शाळकरी पोरांच्या कुटुंबांना दर दोन महिन्यांनी हलवणं क्रूर होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲडम्स यांनी तीन वर्षांसाठी वर्तवलेला १२ अब्जांचा अंदाज मात्र प्रत्यक्ष खर्चाच्या कितीतरी वर निघाला.

अमेरिकेतल्याच डेनव्हर शहराने याच वाट पाहण्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. शहर सव्वासात लाखांचं आणि आलेली माणसं ४२ हजारांच्या घरात. शंभर रहिवाशांमागे सहा, म्हणजे न्यूयॉर्कच्या दुपटीहून मोठं ओझं. तिथे निवाऱ्याच्या हक्काचा कुठला हुकूमनामा नाही. महापौर माइक जॉन्स्टन यांनी २०२४ मध्ये पालिकेच्या इतर खात्यांतून साडेचार कोटी डॉलर कापले आणि आठेकशे आश्रयार्थींसाठी सहा महिन्यांचा कार्यक्रम काढला. घरभाडं, इंग्रजी, कामाचं प्रशिक्षण, आणि तोवर परवान्याची मुदत भरते. आठशे हा आकडा लहान आहे, पण रिकामं बसवण्यापेक्षा तेच दिवस शिकण्यात घालवणं शहाणपणाचं होतं. नव्याने येणाऱ्यांना निवाऱ्यात राहायला मिळणारे दिवस मात्र त्याच वेळी कमी केले गेले.

खर्चात वाटा कोणी उचलला? न्यूयॉर्क राज्याने बऱ्यापैकी. २०२४ च्या जानेवारीत गव्हर्नर कॅथी होकल यांनी २.४ अब्ज डॉलरची तरतूद मांडली. केंद्र सरकारने दोन वर्षांत या शहरासाठी मंजूर केलेली रक्कम २५ कोटी डॉलरच्याही आत होती. शहराच्या दर शंभर डॉलरमागे चार डॉलरसुद्धा नाहीत. त्यांतले ८ कोटी डॉलर ४ फेब्रुवारी २०२५ रोजी शहराच्या बँकखात्यात जमा झाले आणि ट्रम्प सरकारने आठवड्याभरात, न विचारता, त्याच खात्यातून काढून घेतले. शहराने कोर्टात धाव घेतली. ऑगस्ट २०२३ च्या वेगाने ही रक्कम आठ दिवसांच्या खर्चाएवढी होती.

शहराने स्वतःच्या खात्यांना कात्री लावली तेव्हा काय झालं, तेही सांगायला हवं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सार्वजनिक ग्रंथालयं रविवारी बंद झाली. पुढच्या उन्हाळ्यात ५ कोटी ८३ लाख डॉलर परत देऊन ती पूर्ववत झाली. स्थलांतरितांवरच्या सहा दिवसांच्या खर्चाइतके पैसे. गरीब वस्तीतल्या मुलाला रविवारी बसायला ग्रंथालय नाही आणि कारण म्हणून शेजारच्या हॉटेलातल्या मुलाकडे बोट दाखवलं जातं, तेव्हा दोघांच्या आया एकमेकींना पाण्यात पाहू लागतात. कोविडकाळातली केंद्राची मदत संपत आली होती, हे कारणही तितकंच मोठं होतं. पण ते डोळ्यांना दिसत नाही, हॉटेलापुढची रांग दिसते.

अमेरिकन संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने या साऱ्याचा ताळेबंद मांडला आहे. देशभरातल्या या स्थलांतरामुळे केंद्राचा महसूल वाढून २०२४ ते २०३४ या काळात तूट ०.९ ट्रिलियन डॉलरने, म्हणजे ९०० अब्जांनी कमी होईल, असा त्याचा जुलै २०२४ चा अंदाज होता. वर्षभराने त्याच कार्यालयाने राज्यं आणि शहरं यांचा हिशोब काढला. एकट्या २०२३ मध्ये त्यांना १०.१ अब्ज डॉलर जास्तीचा कर मिळाला आणि १९.३ अब्ज खर्च झाला. ९.२ अब्जांचा खड्डा. दोन्ही अहवाल शेजारी ठेवले की दिसतं, कमाई वॉशिंग्टनच्या तिजोरीत पडते आणि शाळा व निवारा यांचा भार गावाच्या तिजोरीवर येतो. केंद्राने आपल्या फायद्यातला शंभरावा हिस्सा शहरांना दिला असता, तरी ते ९ अब्ज झाले असते. एका वर्षाचा तो खड्डा जवळपास बुजला असता.

रूझवेल्टचं केंद्र २०२५ च्या जूनमध्ये बंद झालं. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसांची नोंद तिथे झाली होती.

मुंबईत येणाऱ्याची अशी नोंद कोणी घेत नाही. कुर्ला टर्मिनसला किंवा सीएसएमटीला उतरलेला माणूस ओळखीच्या मुकादमाचा नंबर घेऊन आलेला असतो आणि गर्दीत मिसळून जातो. महापालिका त्याच्यासाठी काहीच करत नाही असं नाही. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांत शिकवतात, आणि ही मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या नवागतांवर केलेली गुंतवणूक आहे. निवाऱ्याच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच प्रमाण घालून दिलं. दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा, चोवीस तास उघडा, एक निवारा. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची होती. म्हणजे १२४ निवारे, १२ हजार ४०० माणसांची सोय. न्यूयॉर्कने एका रात्रीत याच्या साडेपाचपट परदेशी माणसं सांभाळली. मुंबई या १२४ च्या जवळपासही पोचलेली नाही.

पालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत येतो आणि तो कोणालाही पाहता येतो. पुढच्या वेळी त्यात बेघर निवाऱ्यांसाठी किती रक्कम आहे ती शोधा, निवारे किती ते विचारा, आणि आपल्या नगरसेवकाला १२४ हा आकडा लिहून पाठवा.